सोन्याचा दात

दिनकररावांनी भाकरी दुधात कुस्करून तिचा पार लगदा केला आणि तो बोटांनी मागच्या दाढांकडं सारला, पुढच्या दातांना पत्ता लागू न देता. चार-सहा दिवस त्यांचं जेवण असं चोरून चाललं होतं.

"दाताला कळलं तर बोंब मारंल व्हय तो?" तवा उतरवत भवानीबाई म्हणाल्या.

"कुणाचा दात? मला काय झालं न्हाई."

"आरशात बघा. गांधीलमाशी चावल्यागत ओठ झालाय. आन् म्हणं काय झालं न्हाई."

दिनकररावांनी चूळसुद्धा भरली ती पाणी तोंडात न खळबळता, नुसतं आत घेऊन बाहेर सोडून. मग ते जिना उतरून खाली दुकानात गेले. वर घर, खाली दुकान. मद्रासच्या साहुकारपेठेतल्या त्या अरुंद गल्लीत सकाळपासूनच हातगाड्या आणि दुचाकी एकमेकांत अडकलेल्या असायच्या. तमिळांचा मार्गळी महिना संपत आला होता. पोंगल म्हणजे इकडची संक्रांत, ती आली की तै महिना लागणार, लग्नं सुरू होणार, आणि लग्नाघरची माणसं जुने, मोडलेले दागिने घेऊन गलाईवाल्याच्या दारात उभी राहणार. वर्षाचं निम्मं काम या दिवसांत. अशा दिवसांत गलाईवाल्यानं आजारी पडायचं नसतं.

गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातलं तांबं आणि चांदी काढून, ते शुद्ध करून देणं. दिनकररावांच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी माणसं या धंद्यापायी मुलखाबाहेर पडली. दिनकररावही तसेच, मिसरूड फुटायच्या वयात मामाचं बोट धरून मद्रासला आले. मामा तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कारागीर होता. पहिल्याच वर्षी धावत्या बसमधून उतरताना दिनकर तोंडावर पडला आणि वरचा, पुढचा, डाव्या अंगाचा दात अर्धा तुटला. तो काळ तोंडानं फुंकणी मारायचा. पितळी नळी दातांत धरायची, गाल फुगवायचे, आणि दिव्याची ज्योत वाऱ्यानं वाकवून नेमकी सोन्यावर आणायची. तुटक्या दातातून वारा गळायला लागला. ज्योत भलतीकडंच जायची. मालक म्हणाला, "हे पोरगं गावाकडं धाडा."

मामानं त्याला गावाकडं धाडलं नाही. स्वतः गावाला एक चक्कर मारून आल्यावर तो त्याला एका चिनी दातवाल्याकडं घेऊन गेला आणि तुटक्या दातावर सोन्याची टोपी बसवून आणली. वारा थांबला. ज्योत जागेवर आली. त्या दाताच्या जोरावर दिनकर कारागीर झाला, पुढं स्वतःच्या दुकानाचा मालक झाला. गल्लीत त्यांना नावानं ओळखणारे थोडेच. सगळ्यांचे ते 'तंगपल्लु सेठ', सोन्याच्या दाताचे शेठ. टपाल आणणारासुद्धा तेच म्हणायचा.

एक बारीकसं कुसळ मात्र मनात होतं. टोपीचं सोनं हलकं होतं. तांबूस. रोज आरशात बघणाऱ्या गलाईवाल्याला ते कळल्याशिवाय कसं राहील? मामानं पोटच्या पोरासारखं वाढवलं, धंदा शिकवला, लग्न लावून दिलं, पण तेवढ्या टिकलीभर सोन्यात त्याचा हात आखडला. "माझा मामा दिलदार," दिनकरराव कधी गमतीनं म्हणायचे, "फकस्त माझ्या तोंडात जरा तांबं घालून गेला." मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकानात गणपतीशेजारी त्याची तसबीर होती. मामा फेट्यात, शेजारी मामी डोईवर पदर घेऊन. मामीच्या नाकात दागिन्याच्या जागी कडुलिंबाची बारीक काडी होती. नवी नवरी असताना भवानीबाईंनी विचारलं होतं, तर मामी म्हणाली होती, "नाकातलं फूल हिरीत पडलं बाई, पानी वढताना. भोक बुजाय नगं म्हणून काडी." सोन्याच्या धंद्यातल्या माणसाची बायको काडी घालून हिंडते, याचं तेव्हा सगळ्यांनाच हसू आलं होतं.

*

मुलगा मकरंदनं भट्टी पेटवली होती. मुशीत कुणाच्या तरी मोडक्या बांगड्या वितळून बसायला लागल्या होत्या. दिनकररावांनी टाकणखाराची चिमूट टाकली आणि वाकून आत बघितलं. आच तोंडावर आली तशी कळ दातातून निघून नाकाच्या मुळाशी गेली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आबा, तुम्ही बसा. मी बघतो," मकरंद म्हणाला.

"तुला रंग कळतो का त्याचा?"

"कळतो."

"कळतो म्हणणाऱ्याला न्हाई कळत."

तेवढ्यात मैलापूरचे राजगोपाल राव आले. बँकेतून निवृत्त झालेले, सडपातळ, कपाळावर गंधाची उभी रेघ. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांबरोबर आले ते तिथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की दिनकररावांना पोथी वाचल्यासारखं वाटायचं.

"अय्यो, दिनकरराव! हें काय मुख झालें?"

"काय न्हाई राव. जरा ओठ सुजलाय."

"ओठ नव्हे तो, दांत आहे. माझी लेक शरण्या दंतवैद्यीण आहे, तुम्हांस ठाऊक नाहीं काय? आजच चला."

"तै महिना तोंडावर आलाय राव. आन् वरचा दात काढला की डोळं जात्यात. आमचा धंदा डोळ्यांचा."

राजगोपाल हसले. "माझे वरचे सगळे गेले. तरी तुमचा कांटा मी दुरून वाचतों." त्यांनी खिशातून आपली कवळीच काढून दाखवली आणि परत बसवली. "परवाइल्ले, हरकत नाहीं. मन झालें कीं या."

मकरंद हसू दाबत भट्टीकडं वळला. दिनकररावांना हसता आलं नाही. डोळ्यांची सबब त्यांची त्यांनाही पटत नव्हती. खरं वेगळंच होतं. मामाचं म्हणावं असं त्यांच्या अंगावर एवढंच उरलं होतं. ते गेलं की तंगपल्लु कोण, आणि दिनकर तरी कोण?

*

त्यांना दवाखान्यात नेलं ते नातीनं. ऋचा दुसरीत होती. तिचा खालचा दुधाचा दात पडायचं नाव घेईना आणि त्याच्या मागून नवा दात वर आलेला. दोन रांगा. शाळेत पोरं तिला 'मगर' म्हणायला लागली. सून ऊर्मी तिला राजगोपालांच्या लेकीकडं घेऊन निघाली, तर पोरगी दारात अडून बसली.

"आजोबा आले तरच येणार."

"आजोबांना काम आहे."

"मग मी मगर."

शेवटी तिघं रिक्षानं मैलापूरला गेले. देवळाच्या तळ्याजवळच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दवाखाना. डॉक्टर शरण्या तिशीची, केसांत मोगरा, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. ती ऋचाशी तमिळमध्ये बोलली, मोठ्यांशी बापासारख्याच जुन्या मराठीत.

"वलिक्कुमा?" ऋचानं विचारलं. दुखेल का?

"मुंगी चावेल इतकें. मग तीही नाहीं."

दात काढला तेव्हा ऋचानं आजोबांचा अंगठा घट्ट धरला होता. दुधाचा दात तांदळाच्या दाण्याएवढा. मूळ जवळजवळ विरघळून गेलेलं.

"हा आपणहून पडायचा," शरण्या म्हणाली, "पण नव्यानें दुसरीच वाट धरली. म्हणून जुन्यास थोडें लोटावें लागलें. आतां नवा पुढें येईल, जीभच त्यास ढकलील." मग ऊर्मीकडं वळून, "आणि तुमची अक्कलदाढ? त्या जागीं आतां दुखत नाहीं ना?"

"नाही हो. तुमचे उपकार." ऊर्मी दिनकररावांकडं बघून हसली. "आबा, आठवतंय? लग्नाला महिना झाला नव्हता, आणि माझा गाल हा असा. तोंड उघडेना. घरात सगळे म्हणाले, नवी नवरी रुसली."

दिनकररावांना आठवलं. त्यांनी स्वतःच भवानीबाईंना म्हटलं होतं, सुनेचा फुगा काय उतरंना. पोरीनं चार दिवस कुणाला काही सांगितलं नव्हतं. नव्या घरात दाढ दुखते म्हणायची लाज. त्यांनी मान खाली घातली.

"तिथें दाढेस जागाच नव्हती," शरण्या म्हणाली. "आडवी पडून शेजारणीस ढकलत होती. लहानपणीं दांत काढावा लागतो तो नव्यास वाट द्यावयास. तरुणपणीं, जागा नाहीं म्हणून. आणि वय झालें कीं..." ती थांबली. "दिनकरराव, तुम्ही बसा पाहूं खुर्चीत."

"मी पोरीसंगं आलोय."

"आजोबा," ऋचा कापूस चावतच म्हणाली, "तुम्ही पण."

पोरीसमोर पळता येईना. ते बसले. शरण्यानं आरसा आत घातला, बोटानं सोन्याचा दात जरासा दाबला. दात हलला, जोरात. हिरडीतून पू आला.

"वय झालें कीं पाया जातो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "टोपी शाबूत आहे, हो. कोणीं मन लावून केली आहे. पण आंतला दांत कुजला, भोंवतालचें हाड झिजलें. हा काढावाच लागेल. औषध देतें, सूज उतरूं द्या, मग या."

"औषधानंच नीट न्हाई व्हायचा?"

"नाहीं."

"डोळ्यांना काय..."

"डोळ्यांस कांहीं होत नाहीं. राहूं दिला तर मात्र हें विष वर चढेल."

संध्याकाळी ऋचा आपला दात घेऊन गच्चीवर गेली. गावाकडं दात कौलावर टाकतात. इथं कौल नव्हतं. आजोबांनी सांगितलं म्हणून तिनं तो पाण्याच्या टाकीवर भिरकावला. "आता नवा येणार," ती म्हणाली. "तुमचा काढला की तो पण इथंच टाकू."

"माझा नवा येत न्हाई, बाळा."

"का?"

त्यांनी तिचा हात धरला आणि ते जिना उतरायला लागले.

*

गोळ्या त्यांनी घेतल्या. सूज उतरली, तसा त्यांनी दवाखान्याचा विषयच सोडून दिला. भोगीच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका लग्नघराचं सोनं मुशीत होतं, ती माणसं बाकावर बसून होती. दिनकररावांनी सांडशीनं मूस उचलली, साच्यावर कलती केली. सोनं पिवळ्याधमक धारेनं उतरायला लागलं आणि त्याच क्षणी वरच्या जबड्यात सुरी फिरली. मूस वाकडी झाली. धार साच्याच्या कडेवरून फरशीवर सांडली, थेंब थेंब होऊन चहूकडं पळाली.

बाकावरची बाई किंचाळून उठली.

मकरंदनं पुढं येऊन बापाच्या हातातली सांडशी काढून घेतली. ओढली नाही, पण घेतली. उरलेलं सोनं त्यानं शांतपणे ओतलं. मग दार लावून, गिऱ्हाइकासमोरच फरशी झाडली, चटई झटकली, रवा रवा वेचून तागडीत घातला. वजन बरोबर भरलं. बाईचा जीव भांड्यात पडला. "तंगपल्लु सेठना आता वय झालं," ती तमिळमध्ये नवऱ्याला म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकी.

दिनकरराव मामाच्या तसबिरीखाली स्टुलावर बसले होते. या गल्लीत आल्यापासून त्यांच्या हातून सोनं सांडलं नव्हतं. मकरंदनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आबा, उद्या भोगी. इकडं जुनं टाकायचा दिवस."

"जुनं टाकायचं म्हंजे मला?"

"तुम्हाला कशाला? तुम्ही नसलात तर रंग कोण बघणार? मला खरंच नाही कळत." पोरगा खाली बघत म्हणाला. "तुमचे हात पाहिजेत. दातावाचून चालेल."

दिनकररावांनी तांब्या घेतला. पाणी कोमट होतं. त्यानं आधीच कोमट करून आणलं होतं.

*

भोगीच्या सकाळी शहरभर धूर होता. दारोदार जुन्या चटया, झाडण्या जळत होत्या. दवाखान्यात शरण्या एकटीच, सण असून आली होती. ऋचानं आजोबांचा अंगठा धरला.

सुई टोचली तेवढीच. मग ओठ आपला नाहीसा झाला. चिमटा लागला, थोडं हलल्यासारखं झालं, आणि संपलं. इतकी वर्षं जपलेली वस्तू, भिजलेल्या जमिनीतून मुळा उपटावा तशी आली.

"झालें," शरण्या म्हणाली.

"झालं?" त्यांना वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल.

तिनं बोळा चावायला दिला. "आज चूळ नको, थुंकणें नको, ऊन अन्न नको. आणि कांहीं दिवस जोरानें फुंकूं नका. रक्ताची गांठ धरली आहे, ती निघाली तर पुन्हा दुखेल." सोन्याची टोपी दातापासून सोडवून, धुऊन, कागदात गुंडाळून तिनं त्यांच्या तळहातावर ठेवली. दिनकररावांनी दोन्ही हात जोडले. सणाच्या दिवशी ही पोर घर सोडून आली होती, कुणाच्या दातासाठी?

*

दुपारी मामीचा फोन आला. दरवर्षी भोगीला ती गावाकडून बोलायची. तिचा मुलगा अशोक फोन धरायचा आणि मामी त्यात ओरडायची. भवानीबाईंनी फोनचा आवाज मोठा करून मध्ये ठेवला.

"दिनू कुठं हाय? बोलत का न्हाई?"

"त्यांचा दात काढलाय मामी. तोंडात बोळा हाय."

"कंचा दात?"

"सोन्याचा."

पलीकडून मामीचं बोळकं हसू आलं.

"म्हंजे माझं फूल निघालं म्हणा की!"

भवानीबाईंनी दिनकररावांकडं बघितलं. "कंचं फूल, मामी?"

"आगं, नाकातलं. आता काय लपवायचं, ज्यानं आण घातली त्यो गेला. हे मद्रासंवरनं आलं, म्हणाले, पोराच्या दातातनं वारा गळतोय, मालक परत धाडाय निघालाय. मी म्हणलं, तुम्ही सोन्यात लोळताय की, घाला कीसभर. तर मानूस असं तापलं! म्हणाले, दुकानातला रवासुदिक आपला न्हाई. दुकानातनं निघताना केससुदिक तिथंच झाडून यितो मी. मग म्या नाकातलं काढून दिलं. दुसरं काय व्हतं?"

"आन् हिरीत पडलं म्हणून सांगितलं?"

"तेच म्हणाले तसं सांग. पोराला कळलं तर त्या दातानं त्याला घास ग्वाड लागायचा न्हाई म्हणाले. दिनू, आरं ऐकतुयास का? ग्वाड लागला न्हवं?"

दिनकररावांच्या तोंडात बोळा होता. त्यांनी फोनपुढं मान हलवली, जोरजोरात, जणू मामीला दिसणार होतं.

"मान हलवतायत, मामी," भवानीबाई म्हणाल्या. "व्हय म्हणत्यात."

"मग झालं."

*

पोंगल झाला. जखम भरत आली, ओठाला ओठ नीट मिटायला लागला, तेव्हा एका सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी दिनकररावांनी कागदाची पुडी मकरंदपुढं ठेवली. टोपी उघडी केली. तांबूस, आतून अजून चकचकीत.

"फूल करायचंय. पुढच्या आठवड्यात गावाला जाणार हाय, मामीच्या नाकात घालाय."

"शरण्याबाईंनी फुंकायला मनाई केलीय ना? मी गॅसच्या टॉर्चनं करतो."

"टॉर्चनं नगं." त्यांनी फळीवरून पितळी फुंकणी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "तू फुंक. मी सांगतो."

मकरंदनं आयुष्यात फुंकणी धरली नव्हती. पहिल्या फुंकेला दिवाच विझला. जिन्यावर बसलेली ऋचा खिदळली. तिच्या तोंडातल्या फटीतून शीळ निघाली.

"गालात वारा साठव," दिनकरराव म्हणाले. त्यांच्या 'स' मधूनही शीळच निघाली, आणि नातीला दुसऱ्यांदा हसू फुटलं. "श्वास नाकानं घ्यायचा. ज्योत तोडायची न्हाई. हां. आता वाकव तिला."

ज्योत डगमगली, पळाली, परत आली. हळूहळू तिची निळी सुई झाली आणि टोपीच्या कडेला टेकली. सोनं लाल झालं, कडा वितळायला लागल्या. मकरंद थांबला. कपाळावर घाम आला होता.

"आबा, बरंच हिणकस आहे हे. आधी तेजाबात घालून शुद्ध करून घेऊ का? तांबं निघून जाईल. मग चोवीसचं फूल करू मामीला."

दिनकररावांनी तसबिरीकडं बघितलं. जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या सोन्यातलं तांबं काढलं होतं. त्याच कामावर हे घर उभं होतं, ही नात, ही सून, हा पोरगा. जीभ नकळत दाताच्या मोकळ्या जागेत गेली. तिथं आता मऊ, नवी हिरडी आली होती. दुखत नव्हतं.

"नगं," ते म्हणाले. "त्यातलं तांबंबी तिचंच हाय. फुंक तू."